दोषाचं ठिकाण

आवाज थांबला तेव्हा तो बटाटे सोलत होता. कसला आवाज थांबला हे त्याला लगेच कळलं नाही. घरात काहीतरी चालू होतं आणि आता ते नाही, एवढंच कळलं. सुरी हातात तशीच धरून तो उभा राहिला. नळ बंद होता, फ्रिज घुरघुरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "अगं बाई!" आणि थोड्या वेळाने, अगदी सपाट आवाजात, "अहो, जरा येता का?" त्या 'जरा येता का'मुळे त्याच्या छातीत एक लहानसं सुख हललं. नंतर त्याला त्याची लाज वाटली, पण त्या क्षणी ते होतं, नाकारण्यात अर्थ नाही. निवृत्तीला सात महिने झाले होते आणि सात महिन्यांत त्याला कुणी असं बोलावलं नव्हतं. तो हात पुसत आत गेला. अर्धा सोललेला बटाटा त्याने खिशात टाकला होता, हे त्याला संध्याकाळी कळलं.

बायको खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, परक्याच्या घरी बसावं तशी. समोर काळा पडदा. ती पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरातली जी पानं असतात, अमुक शब्द अमुक पानावर, ती. लोकांना वाटतं ती पानं आपोआप उगवतात. सध्या तिच्याकडे पुलांच्या इतिहासावरचं सहाशे पानांचं पुस्तक होतं आणि सोमवारपर्यंत सूची प्रकाशकाकडे जायची होती. "रविवारी मी एक प्रत काढून ठेवली होती," ती म्हणाली. "त्यानंतरची नव्वद पानं ह्याच्या पोटात आहेत." ह्याच्या म्हणजे टेबलाखालच्या त्या काळ्या पेटीच्या. त्याने वाकून बटण दाबलं. आतला पंखा जेमतेम दोन सेकंद फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय करत होतीस?" त्याने विचारलं.

"टाईप करत होते."

"त्याआधी?"

"त्याआधीही टाईपच करत होते."

"पाणीबिणी सांडलं?"

"अहो, मी संशयित आहे का?" ती म्हणाली, पण हसली नाही.

तिचं चुकलं नव्हतं. चौतीस वर्षं त्याने हेच प्रश्न ह्याच आवाजात विचारले होते. टेलिफोन एक्स्चेंजच्या दोष विभागात तो आधी साधा तंत्रज्ञ होता, मग विभागाचा प्रमुख झाला. शर्टाच्या खिशात कायम छोटा मीटर असायचा म्हणून सगळे त्याला पाठीमागे 'मीटर' म्हणायचे, आणि पुढेपुढे समोरही 'मीटरसाहेब' म्हणू लागले. नव्या लोकांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा की यंत्र आपलं आपण बिघडत नाही, कालपर्यंत चालणारी गोष्ट आज बंद पडली तर मधे कुणाचातरी हात लागलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न एकच, शेवटचा हात कुणाचा? ह्या प्रश्नाची त्याला चटक होती. माणसं त्या प्रश्नाने कशी बारीक होतात, नजर कशी आधी स्वतःच्या बोटांकडे जाते, हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढे त्याला उत्तराची गरजच वाटेनाशी झाली होती.

त्याने पेटी उचलून जेवणाच्या टेबलावर आणली, आडवी ठेवली, बाजूचा पत्रा काढला. मग दुसऱ्या सॉकेटमधून वीज दिली, वायर बदलली, पॉवर सप्लाय वेगळा काढून मीटर लावला. बारा, पाच, तीन पॉइंट तीन व्होल्ट, आकडे हवे तसे आले. इतक्या दिवसांनी मीटरच्या टोकांना त्याची बोटं सापडली होती. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी पाय खोडरबराने घासले, परत बसवल्या. एकेक गोष्ट काढायची, एकेक जोडायची, मधे काही गाळायचं नाही. बटण दाबलं आणि पंखा फिरत राहिला. पडदा उजळला, बायको धावत आली, "झालं?" म्हणाली, आणि त्याने नुसतं पत्र्याकडे बोट दाखवलं, जसं काही विशेष नव्हतंच. पत्रा लावला, पेटी पुन्हा टेबलाखाली उभी ठेवली. नव्वद पानं दिसत होती. त्यांची प्रत काढून घ्यायची म्हणून बायकोने ड्रॉवर उघडला, आणि तो बंद करायच्या आत पंखा थांबला.

त्या दिवशी हे असं चार वेळा झालं. टेबलावर आणावं तर कॉम्प्युटर चालू, खाली न्यावं तर दहा मिनिटांत बंद. तिसऱ्यांदा तर टेबलावरच बंद पडला. चौथ्यांदा चालूच झाला नाही. त्याने जुन्या सवयीने एक कागद घेतला, त्यावर उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: तक्रार, लक्षण, दोषाचं ठिकाण, कारण. पहिले दोन रकाने भरले. तिसरा आणि चौथा मोकळे राहिले तेव्हा खाली, कागदाच्या कडेला, त्याने लिहिलं, 'शेवटचा हात'. आणि त्यापुढे 'जावई'.

ते खरंही होतं. तीन आठवड्यांपूर्वी जावई आले होते, नवी डिस्क आणि रॅमची जादा पट्टी घेऊन. "आईंचं काम जड झालंय, मशीन दमतं," असं म्हणून दुपारभर खाली बसून त्यांनी ती बसवली. जावई चष्म्याच्या काचा घासून देण्याचं काम करतात, स्वतःचं लहानसं दुकान आहे. बोटं लांब, नखं कापलेली, बोलणं कमी. तो त्या वेळी पेपर समोर धरून सोफ्यावर बसला होता आणि एकही ओळ वाचत नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाखाली दुसऱ्या कुणाचेतरी तळपाय दिसत होते, एका मोज्याला भोक होतं. "बाबा, जरा विजेरी धरता का?" असं जावयांनी विचारलं, आणि त्याने ती धरली. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्याच्यासाठी विजेरी धरली होती.

संध्याकाळी मुलीचा नेहमीचा फोन आला. बायकोने कॉम्प्युटरची कहाणी सांगितली आणि फोन त्याच्याकडे दिला. "काय झालंय बाबा?" मुलगी म्हणाली. तो म्हणाला, "काय होणार? जावईबापूंनी हात लावल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नाही." हे तो हसत म्हणाला होता. निदान हसतोय असं त्याला वाटलं होतं. मग मुलगी म्हणाली, "सांगते त्यांना," आणि बटाट्यांचं काय केलं ते विचारलं. फोन ठेवताना बायको त्याच्याकडे बघत होती. "खात्री आहे तुमची?" तिने विचारलं. "दुसरं कोण आहे?" तो म्हणाला. तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात कार्डं होती, कॉम्प्युटर येण्याआधी ती सूची ज्यावर करायची ती, हाताच्या पंजाएवढी, कडा पिवळ्या झालेली. चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक करून, नव्वद पानं मागे जाऊन ती पुन्हा लिहायला लागली. कमानी. कमानी, दगडी. कमानी, कोसळलेल्या. तिच्या पेन्सिलीचा आवाज घरभर ऐकू येत होता, आणि त्यात कसलाही राग नव्हता, हेच त्याला सहन होईना.

दुसरा दिवस त्याने त्या पेटीसमोर काढला. कायमचा दोष हा सभ्य दोष, असं तो नव्या लोकांना सांगायचा. वायर तुटली ती तुटली, हाक मारली की ओ देते. मधूनमधून येणारा दोष मात्र लबाड असतो, तुम्ही बघायला गेलात की शहाण्यासारखा वागतो आणि पाठ फिरली की जीभ काढतो. दुपारी उन्हाचा पट्टा खिडकीतून टेबलावर आला आणि मदरबोर्डवरून हळूहळू सरकायला लागला तेव्हा त्याला काहीतरी आठवायला लागलं, आणि ते आठवू नये म्हणून तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा पट्टा चार बोटं पुढे गेला होता. बावीस वर्षं. एक्स्चेंजमधल्या त्या दोषाचं लक्षणसुद्धा हेच होतं. एका दवाखान्याच्या सगळ्या लाइनी रोज दुपारी बारा ते एकच्या दरम्यान गळायच्या, म्हणजे बोलता बोलता तुटायच्या. सव्वा वाजता पुन्हा ठीक. आठ दिवस तक्रारी आल्या, वरून विचारणा आली. फ्रेमवर, म्हणजे एक्स्चेंजमध्ये जिथे बाहेरून आलेल्या सगळ्या तारा एका लोखंडी जाळीवर उतरतात तिथे, त्याला काही सापडलं नव्हतं. मग शेवटचा हात शोधायचा. दोन महिन्यांपूर्वी त्या केबलला रस्त्याखालच्या भुयारात नवा जोड मारला होता, आणि तो मारला होता डावऱ्याने.

डावरा म्हणजे केबल जोडणारा. डावखुरा होता म्हणून डावरा. खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. त्याच्या तारांचा पीळ उलटा पडायचा, त्यामुळे शहरात कुठेही भुयार उघडा, त्याचा जोड लांबून ओळखता यायचा. वेणी घालावी तसे ते जोड असत. नवे लोक ते बघायला खाली उतरायचे. पण ओळखता येतो हाच त्याचा अपराध ठरला. "भुयारात दुपारी उष्णता वाढते, सैल जोड सुटतो," असं त्याने अहवालात लिहिलं. दोषाचं ठिकाण: केबल जोड. कारण: सदोष हातकाम. डावरा त्याच्या टेबलासमोर उभा राहून एवढंच म्हणाला होता, "साहेब, माझा जोड सुटणार नाही." आवाज वाढवला नव्हता. दुसऱ्याकडून जोड नव्याने मारून घेतला, आणि आठवड्याभरात लाइनी गळायच्या थांबल्या. मग बोलायला जागाच उरली नाही. डावऱ्याला जोडकामावरून काढून भांडारात टाकलं, जिथे केबलची रिळं येतात आणि जातात आणि कुणाच्या बोटांना काही काम नसतं.

पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, त्याच वेळेला, लाइनी पुन्हा गळल्या. ह्या वेळी तो एकटाच फ्रेमपाशी जाऊन दुपारी बाराला उभा राहिला. छताजवळच्या झरोक्यातून ऊन आलं, वर्षातले पंधराएक दिवसच ते त्या कोनातून यायचं, आणि जाळीच्या एका कोपऱ्यावर पडलं. तिथे दवाखान्याच्या लाइनींसाठी एक सामायिक तार होती. ती खुंटीला गुंडाळताना सहा-सात वेढे घ्यायचे असतात. तिला तीन होते, आणि उन्हाने तापली की ती खुंटीवर ढिली व्हायची. ती तार त्याने स्वतः गुंडाळली होती, एका संध्याकाळी, मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून घाईघाईत, उद्या नीट करू म्हणत. तो उद्या विसरला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. तार सोडली, सात वेढे घेतले, दोनदा ओढून पाहिली. नोंदवहीत लिहिलं, 'लाईन तपासली, ठीक आहे.' ते खोटं नव्हतं. त्यानंतर भांडारात काही हवं असलं की तो शिपायाला पाठवायचा.

हे सगळं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे स्वतःलाही पूर्ण वाक्यात सांगितलं नव्हतं. ते त्याच्यात बाजूला ठेवलेल्या एखाद्या पिशवीसारखं होतं. आहे हे माहीत असतं, आत काय आहे हेही माहीत असतं, म्हणूनच उघडायची नसते. उन्हाचा पट्टा टेबलावरून उतरून जमिनीवर गेला. बायकोने विचारलं, "जेवताय ना?" आणि तो म्हणाला, "तू घे."

तिसऱ्या दिवशी सकाळी, बायको वाचनालयात गेल्यावर, त्याने उरलेली एकच गोष्ट केली. मदरबोर्डच सोडवला. नऊ स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि ती हिरवी पाटी दोन्ही हातांनी अलगद वर उचलली. खालच्या पत्र्यावर काहीतरी घरंगळलं. टिक्. एक स्क्रू होता. काळा, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. पाटीच्या मागे मोकळाच पडलेला. पेटी हलली की तोही हलायचा, आणि टेकू नये तिथे टेकला की वीज वाट चुकायची, आणि पॉवर सप्लाय घाबरून स्वतःला मिटून घ्यायचा. तीन दिवसांचं सगळं वेड त्या एका कणाने समजावून दिलं. त्याने तो तळहातावर घेतला. जावयांनी टाकला, असं मनाने तयार उत्तर दिलंच. पण नजर त्याआधीच रंगावर थांबली होती. हा स्क्रू काळा होता. पेटीचे मूळचे सगळे स्क्रू पांढरे. काळे स्क्रू त्याच्या स्वतःच्या डबीत होते, खिडकीच्या खालच्या फळीत, निवृत्त होताना घरी आणलेले.

जावई गेल्यावर दोन दिवसांनी त्याने पेटी उघडली होती. ती उघडणं त्याने उघडण्यात धरलंच नव्हतं, कारण तो काही करायला नव्हे, नुसतं बघायला गेला होता. पोरगा कसं काम करतो ते बघावं म्हणून. काम स्वच्छ होतं. वायरी एका बाजूला बांधलेल्या, नवी डिस्क तिच्या खणात नीट बसवलेली. ते पाहून त्याला बरं वाटलं नव्हतं. मग डिस्कला तीनच स्क्रू आहेत असं त्याला दिसलं, पुरेसे होते खरं तर, पण त्याने डबीतून चौथा काढला, आणि तो त्याच्या बोटांतून सुटला. चष्मा लावलेला नव्हता. त्याने कपाटाखाली पाहिलं, गालिचा झटकला, दुसरा स्क्रू घेऊन लावला आणि पत्रा बंद केला. शेवटचा हात. कागद अजून टेबलावर होता, 'जावई' हा शब्द त्याच्याच वळणदार अक्षरात. घरात कुणी नव्हतं. पाटी परत बसवायला वीस मिनिटं लागली. बटण दाबलं, चालू झाला. पेटी हलवली, तिरकी केली, टेबलाखाली नेऊन उभी केली. पंखा चालूच राहिला. त्याने आधी नव्वद पानांची प्रत काढून घेतली.

मग तो पलंगाच्या कडेवर बसला. काय बोलायचं ते सगळं तयार होतं. एक वायर सैल होती. धूळ होती. जुनं झालंय गं आता. ह्यातलं कुठलंही वाक्य चाललं असतं, कुणीही पुढे विचारलं नसतं, आणि कुणी विचारत नाही म्हणजे काय होतं हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. दारात किल्ली फिरली. बायकोने पिशवी ठेवली, आणि आधी आवाज ऐकला. "चालू झाला!" म्हणत ती आली. "काय होतं हो?"

त्याने मूठ उघडली. "हा आत पडला होता."

"अरेरे. बिचारे जावई. आता त्यांना वाईट वाटेल."

"त्यांचा नाही," तो म्हणाला. "माझा आहे. ते गेल्यावर मी उघडला होता."

"का?"

"बघायला. त्यांनी कसं बसवलंय ते."

"आणि कसं बसवलं होतं?"

"उत्तम."

ती आधी हसली, अगदी मनापासून, भिंतीला टेकून. मग तिचं हसू अर्ध्यात थांबलं. तिने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, कार्डांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून फोन काढून त्याच्यापुढे धरला. "दुकानात असतील आत्ता," ती म्हणाली.

जावयांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मागे काच घासायच्या चाकाचा आवाज येत होता. त्याने सांगितलं, काही न गाळता, चौथ्या स्क्रूसकट. चाकाचा आवाज बंद झाला. "बाबा," जावई म्हणाले, "मी परवापासून ती पेटी मनात कितीदा उघडली असेल. पहिल्यांदा वाटलं, नाही, मी नीट बसवलंय. मग वाटलं, ती रॅम तिरकी बसली असेल. काल तर मला ती तिरकी दिसायलाच लागली, शपथ सांगतो. काल एका बाईंची काच मी परत घासली. बरोबर होती ती. मोजून पाहिली, बरोबर होती, तरी परत घासली, आणि त्यात ती गेली." ते हसले. "त्या म्हणाल्या, आजारी आहात का?" "चुकलं माझं," तो म्हणाला, "फार चुकलं." "सोडा हो," जावई म्हणाले, आणि लगेच, अगदी हळू आवाजात, "पण बरं झालं सांगितलंत."

त्या दिवशी बायको कॉम्प्युटरवर आणि तो खिडकीपाशी, असे दोघे बसून राहिले. एका वाक्याने, तेही हसत म्हटलेल्या, त्या पोराच्या हातातली बरोबर काच दोन दिवसांत चुकीची झाली होती. आणि तो अहवाल तर टाईप करून, तीन प्रतींत, सहीशिक्क्यासकट गेला होता. आजवर त्याने स्वतःशी फार फार तर एवढं कबूल केलं होतं की आपण एका माणसाचं काम बदललं. पण डावऱ्याने भांडारात बसून तो जोड मनात कितीदा उघडला असेल? कितव्या वेळेला त्याला तो सैल दिसायला लागला असेल? संध्याकाळी त्याने एक्स्चेंजमधल्या एका जुन्या भांडारवाल्याला फोन लावला. "डावरा?" भांडारवाला म्हणाला. "आहे की. पाण्याच्या टाकीमागच्या वसाहतीत राहतो. तुम्ही काय काम काढलंत मीटरसाहेब?" फोन ठेवून त्याने बायकोला सांगितलं. सगळं. तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि मधे एकदाही काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "शाळेतला कार्यक्रम म्हणजे पोरगी नाटकात झाड झाली होती तो?" "हो." "तुम्ही वेळेवर आला होता," ती म्हणाली. "मला आठवतंय. मला किती बरं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन बस बदलून गेला. वसाहतीतली घरं एकाच साच्यातली होती, डावऱ्याचं घर तळमजल्यावर होतं. दार डावऱ्यानेच उघडलं. केस पूर्ण पांढरे, अंगाने वाळलेला, पण डावा हात दाराच्या कडीवर होता आणि ती बोटं त्याने कुठेही ओळखली असती. "साहेब," डावरा म्हणाला. आश्चर्य नाही, आनंद नाही. हजेरी घेतल्यासारखं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पलंग, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. स्वयंपाकघरातून भांडी विसळल्याचा आवाज. तो बसला आणि बसमध्ये तयार केलेली सगळी वाक्यं एकदम निघून गेली. "ती दवाखान्याची लाईन," तो म्हणाला. "तुझ्या जोडात काही नव्हतं. फ्रेमवर होतं. माझी तार होती, तीन वेढ्यांची. पुढच्या वर्षी मला सापडली. मी कुणाला बोललो नाही."

डावरा खिडकीकडे बघत होता. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कसं?"

"पुढच्या वर्षी लाइनी परत गळाल्या, ते भांडारात ऐकलं. मग गेला दोष. पण भुयार कुणी उघडलं नव्हतं. उघडायचं तर सामान माझ्याकडूनच न्यावं लागतं ना? कुणी आलं नाही. भुयार न उघडता दोष गेला म्हणजे तो भुयारात नव्हता. एवढं तर तुम्हीच शिकवलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू?" डावरा म्हणाला. "दोषाची तक्रार तुमच्याकडेच यायची."

त्याला वाटलं, म्हणजे ह्याचे हात वाचले. निदान तेवढं तरी. एक वर्ष संशयात गेलं असेल, पण मग कळलं. छातीवरचं काहीतरी सैल व्हायला लागलं होतं, आणि ते डावऱ्याला दिसलं असावं, कारण तो पहिल्यांदाच पूर्ण त्याच्याकडे वळून बसला.

"साहेब, त्या आठवड्यात, म्हणजे मी तो जोड मारला त्या आठवड्यात, ही तापाने फणफणली होती. चार रात्री मी उशाशी बसलो. तुमचा कागद आला तेव्हा हिनं ठरवून टाकलं, झोप नव्हती म्हणून माझा हात चुकला. माझ्या दुखण्यापायी तुमचं काम गेलं, म्हणते. मी हजारदा सांगितलं, अगं, माझा जोड सुटला नव्हता. भुयाराचं सांगितलं, सगळं सांगितलं. हिला वाटतं, तिला बरं वाटावं म्हणून मी रचून सांगतो." तो थांबला. "तेव्हापासून ही आजारी पडली की सांगत नाही. मागच्या वर्षी पायाचं हाड मोडलं, तर दोन दिवस तशीच लंगडत कामं करत होती, मला झोप मिळावी म्हणून. बावीस वर्षं, साहेब. एकदासुद्धा 'कपाळ दुखतंय' म्हणाली नाही."

आतला भांड्यांचा आवाज चालू होता. ह्या बाईला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिचा ताप, तिच्या चार रात्री, ह्यातलं काहीही त्याच्या अहवालात नव्हतं. रकाने चारच होते.

"मला सांगायला तुम्ही इतक्या लांब आलात," डावरा म्हणाला, "त्याचा मला उपयोग नाही." मग मान वळवून त्याने हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

ती ओले हात पदराला पुसत आली. ठेंगणी, एका पायावर किंचित जास्त भार देऊन चालणारी. परका माणूस पाहून दारातच थांबली. "हे आमचे साहेब," डावरा म्हणाला, "तुला काहीतरी सांगायला आलेत." तो उठून उभा राहिला. चौतीस वर्षांत तो कुणासमोर असा उभा राहिला नव्हता. त्याने सांगायला सुरुवात केली. फ्रेम म्हणजे काय, वेढे म्हणजे काय, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगायला त्याला वेळ लागत होता. ऊन कुठून यायचं ते सांगताना त्याने हाताने झरोका दाखवला. ती ऐकत होती, त्याच्याकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत.

"म्हणजे माझ्या तापानं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "वहिनी, तुमच्यामुळे नव्हतं. माझ्यामुळे."

तिने भिंतीला हात टेकला, मग खुर्चीची पाठ धरली, आणि दुखऱ्या पायाला जपत, तोंडाने हळूच "आई गं" म्हणत, सावकाश खाली बसली. डावरा एकदम पुढे झाला. "दुखतोय?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फार दुखतो हो. सकाळी तर टेकवत नाही." आणि मग साहेबांकडे वळून, "तुम्ही बसा ना. उभे का? बसा, आणि परत सांगा मला. पहिल्यापासून."